प्रकाश देणारी पॉलिमरे वनस्पतींपासून बनवण्याचा आग्रह धरावा का?

मृद्गंध (धागाकर्ता)
१९९० साली केंब्रिजमधील संशोधकांनी पीपीव्ही या पॉलिमरच्या (लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाच्या) पातळ थरातून वीज खेळवून हिरवट-पिवळा प्रकाश मिळवला. तेव्हापासून अशा पॉलिमरांचा कच्चा माल मुख्यतः खनिज तेलातूनच येत आला आहे, आणि ही वाट आता बदलावी असे माझे ठाम मत आहे. उसाचे चिपाड किंवा दाणे काढलेली मक्याची कणसे सौम्य गंधकाम्लासह वाफेवर तापवली, की त्यांतील पाच कार्बनच्या शर्करांमधून पाणी निघून जाऊन फरफ्युरल हे द्रवरूप रसायन मिळते आणि त्यापासून फ्युरान, म्हणजे चार कार्बन व एक ऑक्सिजन यांचे वलय असलेले संयुग, तयार होते. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२०च्या दशकातच ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल काढायला सुरुवात केली होती. पुढे २०१० मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल बेंडिकोव्ह यांच्या गटाने दाखवले, की फ्युरानच्या छोट्या साखळ्या थायोफीनच्या (ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेल्या वलयाच्या) तशाच साखळ्यांपेक्षा कितीतरी अधिक तेजाने चमकतात. शेतातला माल घेतल्याने येथे गुणवत्तेला बाध येत नाही.

सूक्ष्मदर्शी
आपली तळमळ पटते, परंतु हिशेब मांडून पाहू. प्रकाश देणारा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. पॉलिमरची घनता घन सेंटिमीटरला १ ग्रॅम धरली, तर १ चौरस मीटर पडद्याला ०.१ ग्रॅम आणि मोबाइलच्या १०० चौरस सेंटिमीटर पडद्याला जेमतेम १ मिलिग्रॅम पॉलिमर लागते. तो मिलिग्रॅम तेलातून आला की उसातून, याने पर्यावरणावरचा भार कितीसा हलका होणार? खरा भार काचेचा, इंडियम धातूच्या पारदर्शक विद्युत अग्राचा आणि कारखान्यात लागणाऱ्या विजेचा आहे. शिवाय साखळी जोडण्यासाठी आधी ब्रोमीन लावावे लागते, पॅलेडियमचा उत्प्रेरक वापरावा लागतो, आणि जोडणीची स्टिल ही पद्धत निवडली तर कथिलाच्या विषारी संयुगांची विल्हेवाटही पाहावी लागते. त्यात फ्युरानचा मूळ दोष असा, की प्रकाश व हवा एकत्र मिळाली की त्याचे वलय ऑक्सिजनशी संयोग पावते आणि पॉलिमर खराब होऊ लागते.

ऊसकरी
चिपाड वाया जाते, हा समज आधी दूर व्हावा. आमच्या कोल्हापूर भागात ते कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते, त्यावर गाळप चालते आणि सहवीजनिर्मिती असेल तेथे उरलेली वीज विकली जाते. त्याऐवजी कारखान्याने काय जाळायचे?

मृद्गंध
ऊसकरी, फरफ्युरल काढल्यावर उरणारा सेल्युलोज आणि लिग्निनचा चोथाही बॉयलरमध्ये जाळता येतो. उष्णता मूळ चिपाडाएवढी मिळत नाही, हे मान्य. मात्र पडद्याला मिलिग्रॅमच पुरत असेल, तर या कामासाठी बॉयलर उपाशी राहण्याची भीतीही उरत नाही. हे दोन्ही आक्षेप एकाच वेळी टिकणारे नाहीत.

सूक्ष्मदर्शी, कथिलाविना थेट जोडणीच्या पद्धती आता उपलब्ध आहेत. हवेपासून बचाव तर अशा प्रत्येक दिव्याला करावाच लागतो, कारण त्यातील बेरियम किंवा कॅल्शियमचे अग्र दमट हवेत टिकत नाही.

सूक्ष्मदर्शी
तर मग तेजासाठी फ्युरान घ्यावे. त्याला माझी हरकत नाही. माझा विरोध केवळ उगमावरून हरित ठरवण्याला आहे. २०२४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी साखळीत टर्ट-ब्युटाइल एस्टर हे दुवे गुंफून, सौम्य आम्लाने किंवा उष्णतेने तुटणारे प्रकाशदायी पॉलिमर मांडले. पडदा मोडीत निघाल्यावर त्यातील पदार्थ परत हाती येतो का, ही कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते.

मृद्गंध
ती कसोटी मलाही मान्य आहे, आणि फ्युरान तिच्या आड येत नाही. फ्युरानच्या डायकार्बॉक्झिलिक आम्लापासून पीईएफ हे बाटल्यांचे प्लास्टिक बनते, आणि त्याची साखळी एस्टरच्याच बंधांनी जोडलेली असते. वनस्पतिजन्य वलय आणि तोडता येणारा बंध एकाच प्रकाशदायी साखळीत आणण्याचे प्रयत्न व्हावेत, एवढीच माझी मागणी आहे.