मदत हवी आहे: महिला फुटबॉल क्लबचे करार आणि फिजिओ

महिलांचा व्यावसायिक क्लब नव्याने उभा राहतोय. 23 जणींचा संघ, त्यात 3 गोलकीपर. घोडं अडलंय करारांवर. फिफाच्या नियमांनुसार किमान 14 आठवड्यांची प्रसूती रजा, त्यातले 8 बाळंतपणानंतर आणि पगार किमान दोन-तृतीयांश. हे हवंच! ट्रान्सफर विंडो (नवे खेळाडू नोंदवण्याचा ठरावीक काळ) बंद असली तरी रजेवरच्या खेळाडूच्या जागी तात्पुरती खेळाडू नोंदवता येते. पण मूळ खेळाडूचं परतणं लांबलं तर? बदली खेळाडूच्या करारात मुदतवाढीचं कलम कसं लिहावं?

दुसरं, गुडघ्याचा एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) फाटणं. महिलांमध्ये ही दुखापत जास्त होते आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला बहुधा 9 महिने तरी जातात. पैसे मोजकेच आहेत, तर पहिल्याच हंगामात पूर्णवेळ फिजिओ नेमावी की ताकदीच्या व्यायामाचा प्रशिक्षक?