उत्तर: सिमवरून पीएलसी गाठताना
दादा, सिमच्या मॉडेमवर नेट येतंय तरी पुण्याहून पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंत. साध्या सिमला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) नसतो, म्हणून बाहेरून आत शिरता येत नाही. मॉडेमलाच बाहेरच्या सर्व्हरशी व्हीपीएन (खासगी, सुरक्षित जोडणी) जोडायला लावा. स्टॅटिक (कायमचा एकच) आयपी घेऊन मॉडबसचा ५०२ पोर्ट उघडा, असा सल्ला इथे आधी कुणी दिलाय, तो कृपया ऐकू नका. मॉडबस म्हणजे पीएलसीशी बोलायची पद्धत; साध्या मॉडबसला पासवर्डच नसतो, कुणीही रजिस्टर (पीएलसीत साठवलेले आकडे) बदलेल.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगला (रंगाई युनिटला) आमचा अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत होता. दार लावलं की रेंज गायब! पत्र्यावर नेला, तेव्हा लिंक टिकली.

आणि दुरून पीएलसीत पूर्ण प्रोग्रॅम टाकताना मशीनजवळ जाणता माणूस उभा ठेवाच. बरेच पीएलसी तेव्हा स्टॉपला जातात, आणि मध्येच लिंक तुटली तर तिथेच अडकतात.