ॲमेझॉनची माती एवढी निकृष्ट, मग जंगल तोडून मिळतं काय?

गप्पिष्ट:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. जिथे तिथे वाचतो की ॲमेझॉनची माती एकदम निकृष्ट, जंगल काढलं की दोन-तीन वर्षांत पीक येईनासं होतं. आणि त्याच लेखात खाली लिहिलेलं असतं की शेतीसाठी आणि गुरांसाठी जंगल तोडतायत. अरे मग पीकच येत नाही तर तोडतात कशाला, तिथली माणसं वेडी आहेत का? आणि दुसरं म्हणजे हे "जंगल न तोडता पैसा कमवा" जे सांगतात, रबर, ब्राझील नट वगैरे, ते खरंच चालतं की नुसतं भाषणापुरतं? ज्यांचं वाचन आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा. लिंका नकोत, मी उघडत नाही.

रानवाट:
मातीचं बरोबर आहे पण सरसकट नाही. बऱ्याच भागात लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेली आम्लधर्मी माती आहे, तिच्यात स्वतःचं असं फार काही उरलेलंच नाही. जे आहे ते झाडांत. पान खाली पडलं की बुरशी आणि वाळवी त्याचा फडशा पाडतात आणि वरच्या वर पसरलेली मुळं ते लगेच ओढून घेतात, म्हणजे तिजोरी रिकामी आणि सगळा पैसा बाजारात फिरतोय. झाडं कापून जाळली की राखेतून एकदम भरपूर खत मिळतं, पहिली एक-दोन पिकं झकास, नंतर पाऊस ती राख घेऊन जातो की संपलं. फॉस्फरसची तर इतकी ओढाताण आहे की त्यातला काही सहाराच्या धुळीतून येतो, चाड देशातल्या बोडेले नावाच्या कोरड्या तळाची धूळ अटलांटिक ओलांडून. नासाच्या २०१५ च्या अभ्यासात वर्षाला साधारण २२ हजार टन फॉस्फरस असा अंदाज होता आणि जवळपास तेवढाच पावसापुरात वाहूनही जातो.

अपवाद म्हणजे नदीकाठची काळी माती, टेरा प्रेटा. ती युरोपियन यायच्या आधीच्या वस्त्यांनी तयार केलेली, कोळसा, हाडं, खापऱ्या, उष्टंखरकटं मिसळून. शेकडो वर्षं झाली तरी अजून सुपीक आहे. त्यामुळे "अस्पर्श जंगल" वगैरे ऐकलं की मला जरा हसूच येतं.

बाकी पैसेवाल्यांनाही ही माती पावलेली नाही. डॅनियल लुडविग नावाच्या अमेरिकन अब्जाधीशाने १९६७ मध्ये जारी नदीकाठी प्रचंड जमीन घेतली आणि कागदाच्या लगद्यासाठी झाडं लावली, कुठली तर आपली शिवण! जंगल काढताना जड यंत्रांनी वरची माती दाबून-खरवडून टाकलेली, त्यात शिवणीला ती जमीन मानवेना. कारखाना जपानमध्ये बांधून तरंगत तिकडे आणला होता, तरी शेवटी विकून मोकळा झाला.

आकडेमोड:
वेडे नाहीत हो, हिशोब पक्का आहे. तुम्ही पिकाकडे बघताय, तिथे कमाई जमिनीची आहे. ब्राझीलमध्ये सरकारी मालकीचं पण राखीव म्हणून जाहीर न केलेलं खूप जंगल आहे. आधी इपेसारखं महागडं लाकूड काढतात, त्यासाठी पाडलेल्या वाटांनी आत शिरतात, कोरड्या दिवसांत उरलेलं तोडून जाळतात, आफ्रिकन गवत पेरतात आणि गुरं सोडतात. हेक्टरी जेमतेम एखादं जनावर असतं, दुधामांसाच्या हिशोबाने हा धंदा म्हणजे विनोदच. पण गुरं म्हणजे कब्जाचा पुरावा. खोटे कागद करायचे, नाहीतर सरकार कधीतरी अतिक्रमणं नियमित करेल म्हणून थांबायचं, आणि मग जमीन विकायची. उभ्या जंगलापेक्षा साफ केलेल्या जमिनीला कितीतरी जास्त भाव मिळतो. म्हणूनच तोडलेल्या जमिनीचा मोठा भाग आज कुरण आहे, आणि त्यातलं बरंचसं पडीक.

गुरांचा माग लागत नाही तो वेगळाच घोळ. वासरू वाढतं बेकायदा तोडलेल्या शेतावर, मग ते कागदोपत्री स्वच्छ असलेल्या शेतावर नेतात आणि तिथून कत्तलखान्यात. कत्तलखाना तपासतो फक्त शेवटचं शेत.

आणि हे थांबवता येत नाही असं कुणी म्हणत असेल तर आकडे बघा. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २००४ ला वर्षाला २७ हजार चौ. किमीच्या वर जंगल गेलं, २०१२ ला साधारण साडेचार हजार. उपग्रहावरून तातडीचे इशारे, त्यावरून धाडी, नियम मोडणाऱ्यांचं कर्ज बंद, नवीन राखीव क्षेत्रं आणि २००६ चा सोया व्यापाऱ्यांचा करार, की नव्याने तोडलेल्या जंगलावरचा सोया घ्यायचा नाही. सोयाचं उत्पादन त्या काळात वाढलंच, आधीच तोडलेल्या कुरणांवर पेरून. (शेजारच्या सेराडो या गवताळ-झुडपी प्रदेशात मात्र नांगर जोरात फिरला, ते कुणी सांगत नाही.) मग धाक सुटला, २०२१ ला परत १३ हजार. २०२४ ला सहा हजारांच्या आसपास.

अवकाळी:
वरच्या हिशोबात पाऊस राहिला. अटलांटिकवरून आलेली वाफ पाऊस होऊन पडते, झाडं ती परत हवेत सोडतात, पुढे परत पाऊस, असं पश्चिमेकडे चालतं. एनियास सालाती या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातले ऑक्सिजनचे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) तपासून दाखवलं की खोऱ्यातला जवळपास निम्मा पाऊस असा फिरवलेला आहे. पुढे अँडीजला धडकून ही वाफ दक्षिणेकडे वळते, म्हणजे सोयावाल्यांचा पाऊसही जंगलाच्याच जिवावर. हे त्यांना कळत नाही असं नाही, पण पाऊस सगळ्यांचा आणि जमीन आपल्या एकट्याची.

आग्नेय भाग तर आता जितका कार्बन घेतो त्याहून जास्त सोडतो असं लुसियाना गाती यांच्या टीमने २०२१ मध्ये विमानातून हवेचे नमुने घेऊन मांडलं. आणि कृपा करून ते "जगाचं फुफ्फुस" बंद करा कुणीतरी, जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं तेवढा जवळपास स्वतःच संपवतं.

गप्पिष्ट:
आकडेमोड, अवकाळी, दोघांनाही धन्यवाद, डोक्यात प्रकाश पडला. पण दुसरा प्रश्न राहिलाच की! जंगल राखून पोट भरतं का?

तळ्यातमळ्यात:
भरतं, पण थोडकं, आणि सगळीकडे नाही. ब्राझील नट घ्या. झाड पन्नास मीटरपर्यंत जातं, फळ म्हणजे नारळाएवढी लाकडी कवटी, दीड-दोन किलोची. त्या उंचीवरून डोक्यात पडलं तर माणूस जागेवर जातो, त्यामुळे वारा सुटला की गोळा करणारे झाडाखाली थांबत नाहीत. कवटी फोडून बिया इकडेतिकडे पुरणारा अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी, आणि फुलांच्या परागणाला मोठ्या रानटी मधमाश्या, हे दोन्ही लागतात. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला बंदी आहे म्हणून कुरणात एकटी एकटी उभी दिसतात, पण आजूबाजूला जंगलच नाही तर माश्या कुठून येणार, फळं फारच कमी धरतात. कायदा पाळला आणि झाडही वाया.

मला जास्त पटलेलं उदाहरण पिरारुकू माशाचं. हा दोन-तीन मीटर लांबीचा नदीतला मासा, जवळजवळ संपत आलेला. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधल्या मामिराउआ राखीव क्षेत्रात १९९९ पासून गावं आपापली तळी राखतात, दरवर्षी मासे मोजतात, आणि मोठ्या माशांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के पुढच्या वर्षी पकडायची सरकारी परवानगी मिळते. संख्या कित्येक पटींनी वाढली. जुरुआ नदीवर राखलेल्या तळ्यांत मासे शेकड्यांनी आणि मोकळ्या तळ्यांत बोटांवर मोजण्याइतके, असा फरक दिसलाय.

गप्पिष्ट:
अहो पण गढूळ पाण्यात मासे मोजतात कसे?? हे जरा फेकाफेक वाटतंय

तळ्यातमळ्यात:
फेकाफेक नाही. पिरारुकूला हवेत श्वास घ्यावा लागतो, थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. कोळी तळ्याचे भाग वाटून घेतात, होडीत गप्प बसतात आणि वीस मिनिटं मोजतात, मग पुढचा भाग. पाणी कसं फुटलं, आवाज कसा आला यावरून दीड मीटरच्या वरचा की खालचा तेही सांगतात. हे कोळ्यांचंच कसब, शास्त्रज्ञांनी ताडून पाहिलं तेव्हा आकडे जुळले.

पण राखण म्हणजे रात्रंदिवस पहारा, डिझेल, आणि चोरट्यांशी गाठ. जावारी खोऱ्यात आदिवासींना गस्तीसाठी मदत करणारे ब्रुनो पेरेरा आणि पत्रकार डॉम फिलिप्स यांना जून २०२२ मध्ये बेकायदा मासेमारी करणाऱ्यांनी मारलं. त्यात २०२३ सारखा दुष्काळ पडला की पाणी इतकं खाली जातं की तळ्यातून मासा बाहेर काढून बर्फापर्यंत नेणंच अवघड.

आकडेमोड:
आणि पहाऱ्याची मजुरी माशाच्या भावात धरलेली नसते. मानाउस शहरातला व्यापारी राखलेल्या तळ्यातल्या माशाला चोरीच्या माशाहून फार जास्त देत नाही, कारण बाजारात दोन्ही सारखेच दिसतात.