डिलनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' : तुमची ओळख कशी झाली?

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा गाण्यांचा संग्रह कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं मार्च १९६७ मध्ये काढला. आदल्या जुलैत वुडस्टॉकजवळ मोटरसायकलचा अपघात झाल्यापासून तो लोकांसमोर आलाच नव्हता. नवा अल्बम हाताशी नव्हता, म्हणून जुनीच दहा गाणी एकत्र आली. तरी कितीतरी जणांना डिलन पहिल्यांदा भेटला तो इथंच. तुम्हाला कुठल्या गाण्यानं धरून ठेवलं? सविस्तर लिहा.

— 'लाइक अ रोलिंग स्टोन', पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं. ड्रमवर एकच कडक फटका बसतो आणि सगळी वाद्यं एकदम सुटतात. ऑर्गनवर अल कूपर आहे. तो त्या दिवशी गिटार वाजवायला मिळेल या आशेनं स्टुडिओत आला होता; ऑर्गन हे त्याचं वाद्यच नव्हतं. त्यामुळे तो बाकीच्यांच्या किंचित मागून सूर धरतो. कॉलेजात असताना मी हेडफोन लावून नुसता तो ऑर्गन ऐकत बसायचो. सहा मिनिटांचं गाणं, पण ध्रुवपद आलं की आजही अंगावर काटा येतो.

— मी गिटार शिकत होते. 'ब्लोइन इन द विंड' हाताला लगेच आलं, गळ्याला मात्र नाही. डिलन ओळीच्या शेवटी आवाज सोडून देतो आणि उरलेलं गळ्यातल्या स्टँडवरचा माऊथ ऑर्गन बोलतो. शिवाय या रेकॉर्डवर त्याच्या आधी १९६६ चं 'रेनी डे विमेन' आहे, बँड, हसणं, गलका. त्यातून एकदम १९६३ चा हा एकटा मुलगा! वर्षांचा क्रम मोडला ते फार बरं केलं.

— मला हा संग्रह अपुरा वाटतो, स्पष्टच सांगते. 'अ हार्ड रेन्स अ-गोना फॉल' नाही, 'डोन्ट थिंक ट्वाइस' नाही. ती दोन्ही १९७१ मध्ये निघालेल्या 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या दुसऱ्या भागात आली. मूळ अल्बम ऐकल्याशिवाय हा कवी कळत नाही.

— पण 'पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट'साठी तरी ही रेकॉर्ड हवीच. १९६५ मध्ये ते नुसतं सिंगल म्हणून निघालं होतं, कुठल्याच अल्बमवर नव्हतं. जिवाभावाच्या मित्राशी कायमचं बिनसलं तेव्हा मी ते रात्र रात्र ऐकलं. चाल गोड, शब्दांत दयामाया नाही. ध्रुवपदही नाही, कडव्यामागून कडवं येत राहतं, ऐकणाऱ्याला उसंत म्हणून मिळत नाही. त्या दिवसांत मला नेमकं तेच हवं होतं.

— माझ्या भिंतीवर ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेसरनं केलेलं डिलनचं पोस्टर आहे, काळी आकृती आणि रंगीत केसांची वळणं. रेकॉर्डसोबत ते घडी घालून मिळायचं. माझ्या प्रतीवर घड्यांच्या रेषा अजून दिसतात, मला त्या आवडतात. कव्हरवरचा फोटो रोलंड शेरमनचा. मागून प्रकाश, केसांच्या कडा उजळलेल्या. त्या कव्हरला ग्रॅमी हा संगीतक्षेत्रातला पुरस्कार मिळाला.

— २०१६ मध्ये डिलनला साहित्याचं नोबेल जाहीर झालं तेव्हा आईनं विचारलं, हा कोण गं? मी हीच रेकॉर्ड लावून दिली. एका बैठकीत संपते, नवख्या माणसाला तेवढीच पेलते. 'जस्ट लाइक अ वुमन' तिला रुचलं नाही. 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' मात्र लगेच पुन्हा लावायला लावलं. वर 'हार्ड रेन'चं वाचलं. आता तिला दुसरा भाग ऐकवते.