मदत हवी आहे : बायोस अपडेटमधून दोन व्हीबायोस (ग्राफिक्स कार्ड सुरू करणारा प्रोग्राम) निघाले, माझ्या कार्डाचं कुठलं?

नमस्कार मंडळी,

घणसोलीला राहतो. २०१८ साली घेतलेला लॅपटॉप आहे, जीटीएक्स १०५० ग्राफिक्स कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं. बायको इंटिरिअरची ड्रॉइंग्ज करते, तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. मशिनवर लिनक्स आहे, म्हणून केव्हीएममध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशिनमध्ये, विंडोज टाकून हे कार्ड त्याला द्यायचंय. पण ड्रायव्हर ‘कोड ४३’, म्हणजे कार्ड बंद केल्याची एरर, दाखवून बसतो. म्हणून कार्डाचं व्हीबायोस फाइल म्हणून मशिनला देऊन बघायचंय. नवा लॅपटॉप सध्या परवडणारा नाही.

डेस्कटॉपच्या कार्डावर स्वतःची रॉम चिप असते. इथे व्हीबायोस लॅपटॉपच्या बायोसमध्येच ठेवलेलं, त्यामुळे लिनक्समधून रॉम वाचायला गेलं की नुसती एरर. स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला म्हणाला, चिप काढून प्रोग्रामरवर वाचू. चालत्या बोर्डाला कुणी हात लावलेला मला नको.

म्हणून कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट उतरवलं, सेव्हन-झिपने उघडलं. आतल्या फाइलमध्ये हेक्स एडिटरने ‘पीसीआयआर’ (प्रत्येक व्हीबायोसमध्ये असणारी खूण, तिच्यापुढे कंपनीचा आणि कार्डाचा आयडी असतो) शोधलं, काही नाही. दोन संध्याकाळी यात गेल्या. मग कळलं की तो भाग एलझेडएमए या पद्धतीने दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) असतो. यूईएफआयटूल या बायोस फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामने तो उलगडला, तेव्हा तीन ठिकाणी सापडलं. एकात पीसीआयआरच्या पुढे ८६ ८०, म्हणजे इंटेल. उरलेल्या दोन्हींत डीई १०, म्हणजे एनव्हीडिया. पण पुढे एकात ८डी १सी, दुसऱ्यात ८सी १सी. लिनक्सची एलएसपीसीआय ही कमांड माझं कार्ड १०डीई:१सी८डी दाखवते.

एनव्हीडियाच्या दोन्हींतलं पहिलंच माझं ना? आणि त्याच्या सुरुवातीच्या ५५ एए या खुणेनंतरचा बाइट, जो आकार सांगतो, हेक्समध्ये ७९ आहे, म्हणजे १२१ गुणिले ५१२, ६१,९५२ बाइट. काढलेली फाइल मात्र दुपटीहून मोठी. उरलेलं कापू का?

प्रतिसाद १

८डी १सी वालंच तुमचं. बाइट उलटे लिहिलेले असतात. १सी८सी हे १०५० टीआय. दोन्ही मॉडेलांना एकच बायोस, म्हणून दोन्ही आत.

दादा, कापू मात्र नका! ६१,९५२ हा फक्त जुन्या पद्धतीच्या इमेजचा आकार. तिच्या पाठोपाठ यूईएफआयची (नव्या पद्धतीच्या बायोसची) इमेज असते, आणि ओव्हीएमएफवर, म्हणजे व्हर्च्युअल मशिनच्या यूईएफआयवर, चालणाऱ्या मशिनला तीच लागते. तिच्या पीसीआयआरमध्ये कोड टाइप ०३ दिसेल.

रॉम देऊनही ४३ आला तर खचू नका. व्हर्च्युअल मशिनमध्ये बॅटरी दिसली नाही तरी लॅपटॉपच्या कार्डाचा ड्रायव्हर अडतो, तेव्हा एसीपीआय टेबलातून (हार्डवेअरची माहिती विंडोजला देणाऱ्या यादीतून) खोटी बॅटरी द्यावी लागते. सबसिस्टिम आयडी, म्हणजे लॅपटॉप कंपनीने कार्डाला दिलेले आयडी, तेही खऱ्या कार्डाचेच द्या. आणि हे काहीही चिपवर फ्लॅश करू (लिहू) नका, तुम्हाला ते लागतच नाही.

धागाकर्ता

एफ२०० वर, म्हणजे बरोबर ६१,९५२ वर, पुन्हा ५५ एए आहे! कोड टाइप ०३. मी हे कापणार होतो. मनापासून आभार. आता बॅटरीच्या टेबलाला लागतो. कुणाकडे चालणारं असेल तर इथेच टाका.