गिझर २००० वॅटचा, पण हिशेब १४५० वॅटच दाखवतो. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलं का?

प्रश्न: १५ लिटरचा गिझर आहे, प्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय. पाणी तापायला पंचवीस मिनिटं लागतात. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) करंट ७.४ अँपिअर येतो. हिशेबाने ८.७ यायला हवा ना? शेजारचे म्हणतात, व्होल्टेज कमी असलं की करंट वाढतो. मग इथे उलटं कसं?

उत्तर १: सॉकेटवरचं व्होल्टेज गिझर चालू असताना मोजलंत का? त्याशिवाय ७.४ या आकड्याला अर्थ नाही. शेजारी म्हणतात ते मोटरच्या बाबतीत खरं आहे. एलिमेंटचा रोध (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) जवळपास ठरलेला असतो, त्यामुळे व्होल्टेज घटलं की करंटही घटतो.

प्लेटवरून रोध काढा: २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे २६.४५ ओहम. मग मेन बंद करून एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टिमीटरने थेट मोजा. २६-२७ ओहम आला तर एलिमेंट ठणठणीत आहे. चालू लाइनवर ओहमची रेंज चुकूनही लावू नका. क्लॅम्पमध्ये एकटी फेजची वायर घ्या. दोन्ही घेतल्या तर शून्य दिसेल.

प्रश्नकर्ता: एलिमेंट २६.६ ओहम. सॉकेटवर गिझर चालू असताना १९६ व्होल्ट. घराच्या वीजमीटरपाशी गिझर बंद असताना २१४, चालू केल्यावर २०९. मीटरपासून बाथरूमपर्यंत २२ मीटर, वायर १ स्क्वेअर एमएम तांब्याची.

उत्तर २: मग एलिमेंट बदलू नका. १९६ गुणिले ७.४ म्हणजे १४५० वॅट. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे २२०० किलोज्यूल लागतात. २००० वॅटने ते १८ मिनिटांत होतं, १४५० ने २५. तुमची पंचवीस मिनिटं इथे बरोबर जुळतात.

खरी काळजी घरातल्या घरात पडणाऱ्या १३ व्होल्टची आहे (मीटरपाशी २०९, सॉकेटवर १९६). जाऊन-येऊन ४४ मीटर वायर. १ स्क्वेअर एमएमचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम, म्हणजे ०.८ ओहम. त्यात ६ व्होल्ट जातात. उरलेले ७ कुठल्यातरी जॉइंटमध्ये जातायत. ७ गुणिले ७.४ म्हणजे ५२ वॅट. एवढी उष्णता एका स्क्रूपाशी निघत असेल तर बोर्ड जळायला वेळ लागणार नाही. आजच गिझर बंद ठेवा.

उत्तर १: पूर्ण सहमत. एमसीबी (बोर्डातला लाइन तोडणारा स्विच) पाडून टेस्टरने खात्री करा, मग १६ अँपिअरचं सॉकेट उघडा. स्क्रूपाशी वायरचं इन्शुलेशन तपकिरी, कडक झालेलं दिसेल आणि तांबं काळं पडलेलं असेल. नुसता स्क्रू आवळून चालत नाही, कारण काळ्या पडलेल्या तांब्याचा संपर्क नीट होत नाही आणि तो पुन्हा तापतो. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, सॉकेट नवं बसवा. प्लगच्या पिना आणि मधला जंक्शन बॉक्सही बघा.

उत्तर २: आणि गिझरला १ स्क्वेअर एमएम नकोच. निदान २.५ टाका, ४ असेल तर उत्तम. २.५ टाकल्यावर त्याच ४४ मीटरचा रोध ०.३३ ओहमवर येतो. जॉइंट नीट असतील तर गिझरला २०६ व्होल्ट मिळतील, करंट ७.८ होईल, पॉवर १६०० वॅट आणि वेळ २३ मिनिटं. पूर्ण २००० मिळणार नाहीत, कारण लाइनच २१४ ची आहे. काम झाल्यावर गिझर चालू ठेवून सॉकेट आणि मीटर, दोन्हीकडचं व्होल्टेज पुन्हा मोजा. फरक ३ व्होल्टच्या आत यायला हवा.