तेजोमेघांसाठी थंड कॅमेरा हवाच का?

शकट: माझं मत सरळ आहे. तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे फोटो काढायला सेन्सर गार ठेवणारा थंड कॅमेरा लगेच नको, पहिला कॅमेरा म्हणून फिल्टर बदललेला डीएसएलआर पुरे. तेजोमेघांचा लाल रंग हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे हायड्रोजन वायूच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढची काच त्यातला जेमतेम चौथा हिस्सा आत सोडते. अडचण तिथेच आहे, तापमानात नाही. फक्त ती बदलताना सेन्सरपुढच्या दोन्ही काचा काढू नका. अवरक्त प्रकाश आत शिरतो आणि भिंगाच्या दुर्बिणीत तारे फुगतात.

काळोखप्रेमी: तापमानात नाही कसं? सेन्सर साधारण ६ अंशांनी तापला की डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही उष्णतेने साचणारा खोटा संकेत, दुप्पट होतो. ३० अंशांवरून उणे १० वर आणा, शंभरेक पटींचा फरक पडतो. शिवाय डीएसएलआर रात्रभर तापत-निवत राहतो. पहाटे घेतलेल्या डार्क फ्रेम (दुर्बीण झाकून घेतलेले, नंतर वजा करायचे फोटो) रात्री दहाच्या फ्रेमना लागू पडत नाहीत, वजाबाकीनंतरही ठिपके उरतात. थंड कॅमेऱ्यात उणे १०, ३०० सेकंद, तोच गेन (संकेताची वाढ), तोच ऑफसेट (काळ्याची पायाभूत पातळी) अशा ३० डार्क एकदा घेऊन ठेवा, महिनोन्‌महिने चालतात.

शकट: ठिपक्यांवर डिदरिंग, म्हणजे फ्रेम किंचित सरकवत घेणं, आहे की! दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल सरकवा, स्टॅकिंगमध्ये, म्हणजे फ्रेम एकत्र जोडताना, सिग्मा क्लिपिंग (इतर फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल गाळणं) लावा, बरेचसे जातात. आणि दिव्यांच्या उजेडातल्या आकाशात पार्श्वभूमीचा नॉइज इतका असतो की उष्णतेचा त्यात बुडून जातो.

काळोखप्रेमी: ब्रॉडबँडमध्ये, म्हणजे सगळे रंग आत घेताना, मान्य. पण जेमतेम ७ नॅनोमीटरची पट्टी आत सोडणारा फिल्टर लावलात की आकाश काळं होतं, एक्स्पोजर लांबतं आणि बुडालेला नॉइज पुन्हा वर येतो. तेजोमेघ तर त्याच फिल्टरने टिपायचे ना? मात्र कूलर १०० टक्क्यांवर चालवू नका, तापमान डळमळतं. कूलर ७०च्या आत राहील असा तापमानाचा आकडा निवडा.

एकरंगी: दोघेही रंगीत सेन्सरवरच भांडताय. त्यात चारातला एकच पिक्सेल लाल, म्हणजे हायड्रोजन-अल्फाला तीन-चतुर्थांश सेन्सर जवळपास आंधळा. मोनो, म्हणजे रंगांच्या जाळीविना एकरंगी सेन्सरचा कॅमेरा, घ्या. फिल्टर बदलणारी चकती (फिल्टर व्हील) येईल आणि प्रत्येक फिल्टरचे फ्लॅट (धूळ आणि कडांचा अंधार दुरुस्त करायला घेतलेले सपाट उजेडाचे फोटो) वेगळे घ्यावे लागतील, तेवढा जाच सोसायचा.

शकट: जाच तेवढ्यावर थांबत नाही. बहुतेक फ्लॅटनरना (कोपऱ्यांपर्यंत तारे नेमके ठेवणाऱ्या भिंगांना) सेन्सर ५५ मिमीवर लागतो. कॅनन डीएसएलआरचे ४४ आणि कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या टी-रिंगचे ११, हिशेब आपसूक जुळतो. थंड कॅमेऱ्यात सेन्सर १७.५ मिमी आत असेल तर ३७.५ च्या रिंगा जोडा, वर २ मिमी जाड फिल्टरसाठी आणखी ०.७ मिमी. चुकलात तर कोपऱ्यांतले तारे लांबुळके दिसतील, आणि नवखा माणूस खापर फोडेल दुर्बिणीवर.